वेग गाडीचा कीं सारथ्याचा?

मोटारगाडीची गोष्ट निघाली कीं एकत्र कुटुंबांतील तरुण मंडळींत हल्लीं एक वाद ठरलेलाच असतो. धाकट्या काकांची गाडी अधिक पळते कीं थोरल्या आत्यांच्या यजमानांची? एक जण म्हणतो, आम्ही पुण्याहून अमक्या वेळांत महाबळेश्वर गांठलें. दुसरा त्याहून पांच मिनिटें कमी सांगतो. आणि एवढ्या पुराव्यावर दोन गाड्यांची योग्यता ठरून निकाल लागतो. पंगतींत लागलेला हा निकाल पंगतीपुरताच राहिला असता तर त्याविषयीं लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु याच निकालावरून पुढें लाखों रुपयांची गाडी घरांत येते. आणि कोणाच्या हातीं किल्ली द्यावयाची, कोणाच्या भरंवशावर आजीला व लहान मुलांना मागें बसवावयाचें, हेंही पुष्कळदां याच निकालावरून ठरतें. म्हणून हा प्रश्न जरा खोलांत जाऊन पाहावा, असें आम्हांस वाटतें.

एखाद्या गाडीनें अमुक अंतर अमुक वेळांत कापलें असें घड्याळ सांगतें, तेव्हां तें वस्तुतः एकट्या गाडीविषयीं बोलत नसतें. गाडी, तिचें चक्र धरणारा मनुष्य आणि तो रस्ता, या तिघांनीं मिळून केलेल्या कामाची ती नोंद असते. तर्कशास्त्राची थोडीशी ओळख असलेल्या वाचकांस हें लगेच पटेल. धुरावरून अग्नीचें अनुमान चालतें, कारण अग्नीवांचून धूर कोठेंही आढळत नाहीं. परंतु एकच कार्य जर दोन निरनिराळ्या कारणांनीं घडूं शकत असेल, तर त्या कार्यावरून कोणत्याही एका कारणाचें अनुमान करतां येत नाहीं. अशा हेतूला आपल्या नैयायिकांनीं व्यभिचारी म्हणून केव्हांच बाजूस सारलें आहे. 'ही लवकर पोंचली, म्हणून ही वेगवान' हा हेतु त्याच जातीचा होय.

याचें एक अगदीं स्वच्छ उदाहरण जर्मनींतील आहे. तेथें आयफेल नांवाच्या डोंगराळ प्रदेशांत न्यूर्बुर्गरिंग हा शर्यतीचा मार्ग १९२७ सालीं खुला झाला. त्याचा उत्तरेकडील जुना फेरा आजही वापरांत असून तो वीस किलोमीटरांहून लांब आहे. दाट झाडींतून चढत-उतरत जाणाऱ्या या फेऱ्यांत सत्तरांहून अधिक वळणें आहेत, आणि त्यांपैकीं कित्येक अशीं कीं पलीकडे काय आहे तें वळण संपेपर्यंत दिसूं नये. २००४ सालीं 'टॉप गिअर' या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे जेरेमी क्लार्क्सन डिझेलवर चालणारी एक जॅग्वार गाडी घेऊन तेथें गेले. दहा मिनिटांच्या आंत एक फेरा पुरा करावयाचा, असा त्यांचा संकल्प. शिकवावयास झाबिने श्मिट्झ या जर्मन बाई होत्या. पुष्कळ खटपटीनंतर क्लार्क्सन यांनीं ९ मिनिटें ५९ सेकंदांत फेरा पुरा केला. मग तीच गाडी श्मिट्झबाईंनीं हातीं घेतली आणि ९ मिनिटें १२ सेकंदांत फिरवून परत आणली.

गाडी तीच, रस्ता तोच. अंतर पडलें ४७ सेकंदांचें, म्हणजे शेंकडा जवळजवळ आठ. येथें हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं क्लार्क्सन कांहीं नवशिके नव्हते. निरनिराळ्या गाड्या चालवून त्यांवर अभिप्राय देणें हाच त्यांचा व्यवसाय होता. परंतु श्मिट्झबाई त्या फेऱ्याच्या कुशींतच वाढलेल्या. त्यांच्या आईवडिलांचें हॉटेल तेथेंच होतें. १९९६ व १९९७ अशीं लागोपाठ दोन वर्षें तेथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या चालकांत त्या होत्या, आणि उत्साही प्रवाशांना शेजारीं बसवून त्याच मार्गावर भरधांव फिरवून आणण्याचें कामही त्यांनीं वर्षानुवर्षें केलें. (२०२१ सालीं त्या वारल्या.) क्लार्क्सन यांच्या पराक्रमावर त्यांचा शेरा असा पडला कीं एवढ्या वेळांत आपण सामान वाहणारी गाडीसुद्धां नेऊं! आणि पुढच्याच वर्षीं फोर्ड कंपनीची ट्रान्झिट नांवाची सामानाची उंच, चौकोनी डिझेल गाडी घेऊन त्यांनीं खरोखरच फेरा मारला. वेळ लागला १० मिनिटें ८ सेकंद. पैज नऊ सेकंदांनीं हुकली. 'बायकांना गाडी काय हांकतां येणार' असें म्हणणारे भाऊजी ज्या घरांत असतील, त्या घरांतील वहिनींनीं हे आंकडे टिपून ठेवावेत.

आतां वाचकांनीं अशी कल्पना करावी कीं चालकांचीं नांवें कोणी सांगितलींच नाहींत आणि केवळ दोन आंकडे आपल्या हातीं आले: जॅग्वार ९ मिनिटें ५९ सेकंद, सामानाची गाडी १० मिनिटें ८ सेकंद. आपण काय म्हणालों असतों? या दोन गाड्यांत फारसा फरक नाहीं, असेंच. आणि तें सर्वस्वी खोटें ठरलें असतें.

हे ४७ सेकंद आले कोठून? पुष्कळांची समजूत अशी कीं निष्णात चालक म्हणजे ज्याचा पाय वेगाच्या पट्टीवर अधिक जोरानें पडतो तो. पट्टी खालपर्यंत दाबणें हें दहा वर्षांच्या मुलालाही येईल. खरें कौशल्य वळणांत दिसतें. वळणावर गाडी रस्त्याला धरून राहते ती टायरांच्या घर्षणाच्या बळावर, आणि त्या बळाला मर्यादा आहे. शाळेंत शिकलेलें गणित येथें उपयोगी पडतें: वळणाची त्रिज्या जितकी मोठी, तितका अधिक वेग तें वळण सहन करतें, आणि हा वेग त्रिज्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढतो. समजा, एका वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर तें ताशीं सुमारें ७१ किलोमीटरांपर्यंतचा वेग सहन करतें. आतां शर्यतीच्या मार्गावर, जेथें समोरून कोणी येत नसतें, तेथें कुशल चालक बाहेरच्या कडेनें शिरून, आंतल्या टोंकाला स्पर्श करून, पुन्हा बाहेरच्या कडेस निघतो. असें केल्यानें तेंच वळण त्याच्यापुरतें ७२ मीटर त्रिज्येचें झालें, तर ताशीं सुमारें ८५ किलोमीटरांचा वेग त्यांत मावतो. इंजिनाची शक्ति तितकीच, टायर तेच. वेग मात्र दीडपटीच्या वर्गमूळाएवढा, म्हणजे जवळजवळ एकपंचमांशानें वाढला.

शिवाय वळणांतून बाहेर पडतांना जो वेग हातीं असतो तोच पुढील सरळ तुकड्याच्या अंतापर्यंत कामास येतो. म्हणून जाणता चालक वळणांत शिरण्यापूर्वींच वेळेवर वेग उतरवितो, आणि बाहेर पडतांना लवकर वाढवितो. अडाणी चालक याच्या उलट करतो: धडाक्यानें शिरतो, मध्यें घाबरून ब्रेक दाबतो, आणि गाडी जवळजवळ उभी करून बाहेर निघतो. पाहणाऱ्याला मात्र वाटतें कीं वेगवान तोच!

गाडी एकच व चालकही एकच असला म्हणजे तरी वेगाचा निश्चय होतो कीं नाहीं? न्यूर्बुर्गरिंगवरच ४ ऑगस्ट १९५७ रोजीं झालेली जर्मन ग्रां प्री ही शर्यत या बाबतींत पाहण्यासारखी आहे. अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फांजिओ त्या वेळीं ४६ वर्षांचा होता आणि मासेराती गाडी हांकीत होता. फेरा तेव्हां २२.८ किलोमीटरांचा होता. शर्यतीपूर्वींच्या चाचणींत फांजिओचा सर्वोत्तम फेरा ९ मिनिटें २५.६ सेकंदांचा होता, आणि तोच सर्वांत जलद ठरला होता. शर्यतीच्या मध्यावर पेट्रोल व टायर घेण्यासाठीं तो थांबला. तेथें वेळ अपेक्षेबाहेर गेला, आणि फेरारीचे हॉथॉर्न व कॉलिन्स हे दोघे पाऊण मिनिटाच्या आसपास पुढें निघून गेले. मग या प्रौढ गृहस्थानें एकामागून एक फेरे असे कांहीं मारले कीं मार्गाचा विक्रम पुन्हा पुन्हा मोडत गेला, आणि एक फेरा ९ मिनिटें १७.४ सेकंदांत पुरा झाला. शेवटून दुसऱ्या फेऱ्यांत त्यानें दोघांनाही मागें टाकलें व चार सेकंदांहूनही कमी अंतरानें शर्यत जिंकली. त्या वर्षीं तो पांचव्यांदां जगज्जेता झाला. पण आपणास येथें पाहावयाचें आहे तें हें कीं चाचणीच्या दिवशीं त्यानें स्वतःच जो वेळ सर्वोत्तम म्हणून दाखविला, त्याहून आठ सेकंद कमी वेळांत तीच गाडी तोच मनुष्य नेऊं शकला. नव्या टायरांचा व पेट्रोलाच्या वजनाचा थोडा वांटा त्यांत धरला, तरी बाकीचा वांटा मनुष्याचाच राहतो. असें आपण पूर्वीं कधीं हांकलें नव्हतें व पुन्हा हांकण्याची इच्छाही नाहीं, असें त्यानें पुढें बोलून दाखविलें.

रस्त्याच्या माहितीचा वांटा किती, याचें उदाहरण इटलींतील मिल्ले मिल्या या शर्यतींत सांपडतें. ब्रेशिया गांवाहून रोमला जाऊन परत, असे सुमारें १,६०० किलोमीटर नेहमींच्या सडकांवरून धांवावयाचे. १ मे १९५५ रोजीं स्टर्लिंग मॉस या तरुण इंग्रजानें मर्सिडीझ गाडींत बसून ही शर्यत १० तास ७ मिनिटें ४८ सेकंदांत जिंकली. सरासरी वेग ताशीं १५७ किलोमीटरांच्या वर पडला. त्याच बनावटीची दुसरी गाडी फांजिओच्याच हातीं होती. तो दुसरा आला, पण अर्ध्या तासाहून अधिक उशिरानें. मग मॉस हा फांजिओहून श्रेष्ठ ठरला काय? तसें म्हणतां येत नाहीं. फांजिओ एकटा होता, आणि वाटेंत त्याच्या इंजिनानें नीट साथ दिली नाहीं. मॉसच्या शेजारीं डेनिस जेंकिन्सन नांवाचा पत्रकार बसला होता. दोघांनीं आधीं तो रस्ता अनेकदां पालथा घालून प्रत्येक अवघड वळणाची, चढाची, पुलाची टिपणें काढलीं होतीं. तीं एका लांबच लांब कागदाच्या गुंडाळीवर उतरून, ती गुंडाळी पेटींत बसवून, जेंकिन्सन ती हळूहळू उलगडीत खुणांनीं मॉसला पुढचा रस्ता सांगत होता. चढापलीकडे रस्ता सरळ जातो कीं वळतो हें ठाऊक असलेला मनुष्य जेथें पट्टी दाबून धरतो, तेथें न जाणणारा पाय उचलतो. हा फरक बळाचाही नव्हे आणि धाडसाचाही नव्हे.

मग गाडीची स्वतःची शक्ति मोजावी कशी? अमेरिकेंत सरळ पाव मैलाच्या, म्हणजे सुमारें ४०२ मीटरांच्या, शर्यती लावतात. तेथें या प्रश्नाचें एक सुरेख उत्तर जवळजवळ आपोआप मिळालें आहे. अशा प्रत्येक धांवेचे दोन आंकडे नोंदले जातात. एक, पाव मैल पुरा होण्यास लागलेला वेळ. आणि दुसरा, अखेरच्या ६६ फुटांत गाडीला असलेला वेग. वरवर पाहतां दोन्ही एकच गोष्ट सांगतात, पण तसें नाहीं. सुरुवातीला क्लच सोडण्यांत चूक झाली, चाकें जागच्या जागीं फिरलीं, अर्धा सेकंद फुकट गेला, तर तो अर्धा सेकंद एकूण वेळांत शेवटपर्यंत राहतो. पण अखेरचा वेग त्यामुळें फारसा घटत नाहीं. तो मुख्यतः गाडीचें वजन व इंजिनाची शक्ति यांवर ठरतो. म्हणून जाणते लोक अखेरच्या वेगावरून गाडी ओळखतात, आणि तो वेग व लागलेला वेळ यांच्या मेळावरून हांकणाऱ्याचा हात ओळखतात. गाडी बलवान पण वेळ मोठा, म्हणजे हात कच्चा. दोन कारणें वेगळीं करावयाचीं तर दोन मापें लागतात, हें इतकें सोपें करून दाखविणारें दुसरें साधन आमच्या पाहण्यांत नाहीं.

अलीकडे यंत्रानें हांकणाऱ्याचें कांहीं काम आपल्या अंगावर घेतलें आहे. गियर आपोआप बदलतात, सुटतांना चाकें घसरूं नयेत याची व्यवस्था गाडींतील संगणक ठेवतो, आणि विजेच्या पुष्कळशा गाड्यांना तर बदलावयाचे गियरच नसतात. त्यामुळें सरळ रस्त्यावर शून्यापासून शंभरापर्यंत जाण्याच्या कामीं निष्णाताचा व सामान्य मनुष्याचा वेळ पुष्कळच जवळ आला आहे. वळणांचा रस्ता आला कीं मात्र जुना भेद पुन्हा डोकें वर काढतो. कारखानदार न्यूर्बुर्गरिंगवरील आपल्या गाडीच्या वेळाची मोठी जाहिरात करितात. ती वाचतांना आपण विसरूं नये कीं ती गाडी त्या मार्गाची खडान्‌खडा माहिती असलेल्या पगारी तज्ज्ञानें हांकलेली असते.

आतांपर्यंत घड्याळाची गोष्ट झाली. घरगुती वादांत घड्याळ क्वचितच असतें. तेथें साक्ष असते ती गाडींत बसलेल्यांची. ती कितपत ग्राह्य मानावी?

महाभारतांतील वनपर्वांत नलोपाख्यान आहे. त्यांतील एका प्रसंगाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भांतील कुंडिनपुरास एका दिवसांत पोंचूं पाहतो. त्याचा सारथि बाहुक, म्हणजे रूप पालटलेला नल, अंगानें कृश असे घोडे निवडतो. राजा ते पाहून नाराज होतो. हे दुबळे प्राणी एवढी मजल कशी मारणार, अशी त्याला शंका येते. रथ चालूं लागल्यावर त्याच राजाचें उत्तरीय खालीं पडतें, आणि थांबावयास सांगावें तों तें एक योजन मागें राहिलेलें असतें. रथांत तिसरा मनुष्य आहे वार्ष्णेय. हा पूर्वीं नलाचाच सारथि होता. तो घोड्यांकडे पाहत नाहीं. हांकणाऱ्याच्या हाताकडे पाहतो, आणि मनाशीं म्हणतो कीं रूप कांहींही असो, ही विद्या नलाची. तिकडे राजवाड्यांत दमयंती रथ पाहण्यापूर्वींच त्याच्या घोषावरून तोच तर्क करते. एकच वेग, पण राजानें घोड्यांचें अंग पाहिलें, आणि वार्ष्णेयानें हात पाहिला. कारण त्यानें स्वतः लगाम धरले होते. वेगाचें श्रेय कोणास द्यावें हें ओळखण्यासही त्या विद्येचें थोडें ज्ञान अंगीं असावें लागतें, हें त्या आख्यानकारानें किती बारकाईनें दाखविलें आहे! आणि तेथेंही पेंच आहेच. घोडे निवडणारा व हांकणारा एकच असल्यामुळें अश्वपरीक्षेचा गुण किती व सारथ्याचा किती, याचा हिशेब शेवटपर्यंत कोणासही लावतां येत नाहीं.

आपण बहुतेक जण मोटारींत ऋतुपर्णासारखे बसतों. शिवाय शरीर आपणांस फसवितें. एकसारख्या वेगाची जाणीव शरीराला होतच नाहीं. संथपणें चाललेल्या जहाजाच्या बंद खोलींत बसलेल्या मनुष्यास जहाज उभें आहे कीं चालत आहे हें कळणार नाहीं, हें गॅलिलिओनें १६३२ सालच्या आपल्या ग्रंथांत समजावून दिलें आहे. शरीराला कळतो तो वेगांतील बदल, आणि विशेषतः एकाएकीं झालेला बदल. म्हणून जो चालक सारखा ब्रेक दाबतो, पुन्हा उसळी घेतो, वळणावर प्रवाशांना एकमेकांवर लोटतो, त्याच्या गाडींतून उतरतांना मंडळी म्हणतात, 'काय भयंकर वेगानें आणलें हो!' आणि ज्याच्या गाडींत आजीला झोंप लागते, तो हळू हांकतो अशी त्याची ख्याति होते. घड्याळ पाहिलें तर दुसरा पुष्कळदां आधीं पोंचलेला असतो. डोळेही तसेच. उंच आसनावर बसलें म्हणजे रस्ता सावकाश मागें सरकल्यासारखा वाटतो. जमिनीलगत बसलें तर तोच वेग दुप्पट भासतो. इंजिनाचा आवाज फार असला कीं वेग अधिक वाटतो, बंद काचांच्या निःशब्द गाडींत कमी.

हांकणारा स्वतः तरी या फसवणुकींतून सुटतो काय? बराच वेळ मोठ्या वेगानें गेलेल्या मनुष्याला त्यानंतरचा मध्यम वेग अगदींच मंद वाटूं लागतो. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरून उतरून गांवांतील रस्त्याला लागलेल्या प्रत्येकाला याचा अनुभव असेल. ताशीं साठावरही गाडी रांगते आहे असें वाटतें, आणि नेमक्या तेथेंच शाळेचीं मुलें रस्ता ओलांडीत असतात. ब्रिटनमध्यें डेंटन नांवाच्या संशोधकानें या भ्रमाचा अभ्यास केला, आणि १९७० नंतरच्या दशकांत तेथें मोठा रस्ता संपून वर्तुळाकार चौक येतो अशा ठिकाणीं जमिनीवर आडवे पिवळे पट्टे रंगविण्यांत आले. चौक जवळ येतो तसतसें पट्ट्यांमधील अंतर कमी होत जातें. त्यामुळें वेग वाढत असल्याचा भास होऊन मनुष्य आपोआप पाय उचलतो. भ्रमाला भ्रमानेंच उतारा!

कौशल्याविषयींचा भ्रम याहून जुनाट आहे. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानें १९८१ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. आपण आपल्या गटांतील इतरांच्या मानानें किती कुशल चालक आहों, असें त्यानें विद्यार्थ्यांस विचारलें होतें. अमेरिकेंतील शेंकडा ९३ जणांनीं व स्वीडनमधील शेंकडा ६९ जणांनीं आपली गणना वरच्या अर्ध्यांत केली. निम्म्याहून अधिक लोक निम्म्यांच्या वर कसे असूं शकतील, हें गणित वाचकांनींच सोडवावें. बरें, कौशल्य खरोखरच असलें म्हणजे तरी रस्त्यावर सुरक्षितता वाढते काय? अमेरिकेंत विल्यम्स व ओनील या दोघांनीं १९७४ सालीं शर्यतींचा परवाना असलेल्या चालकांची, त्यांच्याच वयाच्या सामान्य चालकांशीं, सार्वजनिक रस्त्यांवरील वर्तनाच्या बाबतींत तुलना केली. शर्यतवाल्यांच्या नांवें अपघातही अधिक निघाले आणि वेगमर्यादा मोडल्याचे गुन्हेही अधिक. ते अधिक मैल हांकत असतील, असें कोणी म्हणेल, असेलही. परंतु कुशल हात म्हणजे निर्धास्त घर, ही समजूत त्या आंकड्यांपुढें टिकत नाहीं एवढें खरें.

याचें कारण रस्त्यावरील गणितांत आहे, आणि तेथें कौशल्याची मात्रा फार थोडी चालते. कोरडा रस्ता, उत्तम ब्रेक, आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद, असें धरूं. ताशीं ६० किलोमीटरांनीं जाणारी गाडी सुमारें ३७ मीटरांत थांबते. आतां तीच गाडी ताशीं ८० नीं येत आहे असें समजा. पहिल्या सेकंदांतच ती २२ मीटर पुढें गेली. उरलेल्या १५ मीटरांत ब्रेक पुरा दाबूनही, जेथें पहिली गाडी पूर्णपणें उभी राहिली होती त्या जागीं हिचा वेग किती असेल? ताशीं साठाहून थोडा अधिकच! वीस किलोमीटरांचा फरक, आणि एक गाडी मुलापुढें उभी राहते तर दुसरी त्याला साठाच्या वेगानें गांठते. आधुनिक गाड्यांत चाकें अडकूं न देणारी ब्रेकची योजना असल्यामुळें जोरानें ब्रेक दाबण्याच्या कामीं जगज्जेत्याला आमच्या-तुमच्याहून फारसें अधिक कांहीं करतां येत नाहीं. त्याला जें करतां येतें तें आधीं: दूरवर नजर ठेवणें, कडेला उभ्या असलेल्या बसपाठीमागून कोणी येईल हें ताडणें, आणि म्हणून साठाचे चाळीस करणें. वेळाच्या फुशारकींत हें कौशल्य कधींच मोजलें जात नाहीं, कारण त्यानें वेळ वाढतो.

आणि वांचतो तो वेळ तरी किती? तीस किलोमीटरांचा रस्ता ताशीं ६० नें अर्ध्या तासांत संपतो; ८० नें साडेबावीस मिनिटांत; १०० नें अठरा; १२० नें पंधरा. शंभरावरून एकशें वीसावर चढण्याचा सारा जुगार तीन मिनिटांसाठीं असतो, आणि तेवढीं तीं गांवच्या वेशीवरील पहिल्या गर्दींत गडप होतात.

गाडी विकत घेतांना दोन गाड्यांची तुलना खरोखरच करावयाची असेल, तर घरांतील एकाच मनुष्यानें, एकाच दिवशीं, त्याच रस्त्यावर, दोन्ही दिशांनीं, दोन्ही गाड्या हांकून पाहाव्यात. मग दुसऱ्यानें तसेंच करावें. दोघांचेंही मत एकाच गाडीकडे झुकलें तर गुण गाडीचा. प्रत्येकाचें वेगळें झालें तर तो ज्याच्या त्याच्या हाताचा. विक्रेत्याच्या माणसानें चक्र धरलें असतांना बनलेलें मत जमेस धरूं नये. तो त्या गाडीचा सराईत असतो, आणि रस्ताही त्यानेंच निवडलेला असतो. चालक पारखावयाचा असेल तर मात्र घड्याळ घरीं ठेवावें व मागच्या आसनावर बसावें. तो ब्रेक किती वेळां दाबतो, आणि दाबण्यापूर्वीं आपणांस कारण दिसलें होतें कीं नाहीं, एवढेंच मोजावें. घांटांतून उतरल्यावर लहान मुलांपैकीं किती जणांस मळमळतें, हेंही एक माप आहे. तें घरांतील बायका आपण होऊन सांगतात.

राहतां राहिला गाडींतील कांटा. संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेखालीं ठरलेल्या ज्या नियमाला युरोपांतील देश अनुसरतात, त्याप्रमाणें वेगदर्शक कांट्यानें खऱ्या वेगाहून कमी आंकडा कधींही दाखवितां कामा नये. अधिक मात्र खऱ्या वेगाच्या शेंकडा दहा व त्यावर ताशीं चार किलोमीटर एवढ्यापर्यंत दाखविलेला चालतो. कारखानदार अर्थातच थोडें अधिक दाखविण्याच्या बाजूनें राहतात. तेव्हां घरांतील कोणी चिरंजीव कांट्यावर एकशें वीस पाहिल्याचें सांगत आले, तर त्यांनीं त्याच वेळीं मोबाइलवरील उपग्रहानें मोजलेला वेगही पाहिला होता काय, असें विचारावें. आणि पाहिला होता असें ते म्हणाले, तर मोबाइल पाहत असतांना रस्ता कोण पाहत होतें, तेंही विचारावें.